सेरंगून रोडवरचे दोन गजरे

आई येणार हे पक्कं झालं त्याच दिवशी मी ऑफिसात बसून एक्सेल उघडलं. सिंगापूरच्या मराठी घरांत आईवडील आले की त्यांना काय काय दाखवायचं याची एक ठरलेली यादी असते आणि ती घराघरांतून फिरत असते. पहिल्या शनिवारी सिंहाच्या तोंडाचा तो पांढरा मासा, दुसऱ्या शनिवारी काचेच्या घुमटातली फुलं, मग प्राणिसंग्रहालय, मग केबल कार. चौथ्या आठवड्यात पाहुणे दमतात आणि सोफ्यावर बसून मराठी मालिका बघायला लागतात. मी गेली कित्येक वर्षं सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळतो. वेळापत्रक आखल्याशिवाय मला तहानसुद्धा लागत नाही, असं बायको म्हणते.

आईने ती यादी विमानतळावरून सेंगकांगला घरी येताना टॅक्सीतच निकालात काढली. "बागा काय, पुण्यातही आहेत. मला रस्ते दाखव," ती म्हणाली. "मोठे, गर्दीचे, दुकानंबिकानं असलेले. आणि घाई करायची नाही."

या घाई न करण्यामागे चाळीस वर्षांचा संसार होता. आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून एका बंद खोलीत बसायची आणि बाहेरच्या जगाशी नुसती बोलायची. संध्याकाळी सुटली की लक्ष्मी रोडने बाबांबरोबर घरी. बाबांना रस्ता म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचायची सोय, एवढंच माहीत. ते सुसाट पुढे, आई पंधरा पावलं मागे. ती एखाद्या दुकानाशी रेंगाळली की ते कोपऱ्यावर उभे राहून घड्याळाकडे बघायचे. भांडण कधी झालं नाही. आईने दुकानांकडे बघणं तेवढं सोडून दिलं.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात आई जवळजवळ घराबाहेर पडलीच नव्हती. भाजीवाला वर यायचा, वाणी सामान पाठवायचा, फोनवर ती "मी मजेत आहे" असं म्हणायची. तिची मजा काय चालली होती ते मला तिच्या आवाजावरून कळत होतं. तिला इथे आणायला मला सहा महिने मनधरणी करावी लागली. व्हिजिट पास महिन्याचा होता. तो वाढवून घ्यायचा, तिला निदान तीन महिने ठेवून घ्यायचं, तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा करायचा आणि मग दरवर्षी बोलवायचं, असा माझा बेत होता. तो मी एक्सेलमध्ये लिहिला नव्हता, पण माझ्या लेखी तोच एक खरा प्रकल्प होता.

आणि तो चक्क जमायला लागला. मी ऑफिसातून पाचला निघायचो, आई सूनबाईने शिकवल्याप्रमाणे कार्ड टेकवून एकटी एमआरटीने यायची आणि ठरलेल्या स्टेशनच्या फाटकाशी पर्स पोटाशी धरून उभी असायची. पहिल्याच आठवड्यात आम्ही ऑर्चर्ड रोड केला. केला म्हणजे काय, तर दोन तासांत जेमतेम अर्धा. तिला प्रत्येक काचेपुढे थांबायचं होतं. घेणार काही नाही, नुसतं बघणार. एका दुकानात दिव्याखाली फक्त एकच बूट ठेवला होता. "दुसरा कुठाय?" असं तिने तिथल्या मुलीला मराठीत विचारलं. त्या मुलीला काय कळलं कुणास ठाऊक, तिने आत जाऊन दुसरा बूट आणून दाखवला. आईने मान डोलावली आणि आम्ही पुढे निघालो. रस्त्याच्या कडेला एक म्हातारे आजोबा आइस्क्रीमची वडी कापून रंगीबेरंगी पावाच्या स्लाइसमध्ये गुंडाळून देत होते. आईने ते उभ्या उभ्या खाल्लं. मी तिला रस्त्यावर उभं राहून खाताना जन्मात पाहिलं नव्हतं.

मग नॉर्थ ब्रिज रोड झाला. मग चायनाटाऊन, तिथल्या कमानींखालची पडवी, वाळवलेल्या मशरूमच्या गोण्या, जिभेवर ठेवायच्या औषधी काड्या. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, लोक टेबलावर टिशूचं पाकीट ठेवून जागा धरतात हे बघून ती इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवसापासून तिच्या पर्समध्ये टिशूची तीन पाकिटं दिसायला लागली. रिकामं टेबल दिसलं की भूक असो नसो, आई जाऊन पाकीट ठेवायची आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायची. घरी आल्यावर नातीला सगळं साग्रसंगीत सांगायची. नात बारा वर्षांची, मराठी समजते पण बोलत नाही. "आजी, यू सो फनी लाह," असं म्हणून तीही तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची. सकाळी मी उठायच्या आत आई आंघोळ उरकून तयार असायची. मी दिसलो की पहिला प्रश्न, "आज कुठला रस्ता?"

इथे मला माझ्याविषयी एक सांगायला हवं, नाहीतर पुढच्याचा अर्थ लागणार नाही. आदल्या संक्रांतीला पुण्यात आमच्याच इमारतीत हळदीकुंकू झालं. शेजारणीने सगळ्या मजल्यांवर बोलावणं केलं आणि आईचं दार तेवढं वगळलं. हे मला माझ्या मावशीकडून कळलं. मावशी म्हणाली, "असतंच रे ते, मनावर घ्यायचं नाही." मी फोनवर मावशीला फाडून खाल्लं. कुठल्या शतकात राहता, नवरा जाणं हा काय बाईचा गुन्हा आहे का, तुम्ही बायकाच बायकांच्या वैरी, असं बरंच काही. मग तेच सगळं नीट मुद्देसूद लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. पुष्कळ अंगठे आले. दोन भाच्यांनी टाळ्याही वाजवल्या. त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. आईने त्यावर काहीच लिहिलं नाही, आणि तिला काय वाटलं हे विचारायचं मला सुचलंही नाही.

चौथ्या रविवारी आम्ही सगळे मिळून लिटिल इंडियाला गेलो. मी, बायको, मुलगी आणि आई. रविवारी दुपारी सेरंगून रोडवर पाय ठेवायला जागा नसते. सुट्टी असलेले कामगार गटागटाने उभे असतात, भाजीच्या दुकानांतून शेवग्याच्या शेंगा आणि केळफुलं फुटपाथवर उतरलेली असतात, सोनाराच्या दुकानापुढे पोपटवाला बसलेला असतो, देवळातून नादस्वरम ऐकू येतं. आई अगदी रंगात आली होती. कोथिंबिरीचा भाव विचारत होती, तो रुपयांत करून बघत होती आणि "अगं बाई!" म्हणून पुढच्या दुकानात तोच विचारत होती. मी तिच्यामागे पिशव्या सांभाळत चाललो होतो आणि मनात ठरवत होतो की उद्या पास वाढवायचा अर्ज भरून टाकायचा. आदल्या दिवशीच ती आपणहून म्हणाली होती, "इतक्या लवकर जाऊन तरी काय करायचंय मला तिकडे?"

पडवीत एक तमिळ बाई फुलांची गाडी लावून बसली होती. मोगऱ्याचे हारच्या हार, मधूनमधून अबोली. ती कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मापून गजरा कापायची आणि गिऱ्हाइकाने पाठ केली की स्वतःच डोक्यात माळून द्यायची. बायको थांबली, मुलगीही थांबली. फुलवालीने आमच्याकडे एकदा बघितलं, तीन बायका मोजल्या आणि काही न विचारता तीन तुकडे कापले.

बायकोला माळला. मुलीला माळला. मग तिसरा हातात घेऊन, दातांत आकडा धरून ती आईकडे वळली. आणि आईने पर्स उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली, वळली, आणि तिच्याकडे पाठ करून मान खाली घालून उभी राहिली.

नोकरीत असताना आई रोज गजरा माळून जायची. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडून स्वतः घ्यायची, स्वतःच्या पैशांनी. बाबांना फुलांतलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी कधी तिच्यासाठी आणलीही नाहीत. तो संपूर्णपणे तिचा कारभार होता. बाबा गेल्यावर तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नाही. आणि आज दीड वर्षाने ती कुणाच्या आग्रहाशिवाय एका अनोळखी बाईपुढे मान वाकवून उभी होती.

मी म्हणालो, "नो, नो. टू ओन्ली. नॉट फॉर हर."

असं का म्हणालो, हे मी तेव्हापासून स्वतःला शेकडो वेळा विचारलं आहे. कुणी ओळखीचं बघत नव्हतं. त्या रस्त्यावर आम्हाला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. पैशांचा प्रश्न नव्हता. माझ्या मनात त्या क्षणी काही विचार होता असंही मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. कॉफी मागवताना साखर कमी घाला असं सवयीने तोंडातून जातं, तितक्या सहज ते निघून गेलं. बाईची काहीतरी चूक होतेय आणि ती आपण वेळीच दुरुस्त करतोय, असंच मला वाटलं. मी मदत करत होतो!

फुलवालीने आकडा तोंडातून काढला. तिला कळलं. ती "सॉरी, अम्मा," असं म्हणाली आणि तिने तिसरा गजरा परत पाण्याच्या डब्यावर ठेवला. तिने आईची माफी मागितली, हे मला नंतर फार लागलं. आई अजून तशीच पाठमोरी उभी होती. मग तिने सावकाश मान वर केली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि वळून म्हणाली, "चला, केवढी गर्दी आहे."

"आजी वॉन्टेड वन, व्हॉट," मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली. इथली मुलं भांडताना वाक्याच्या शेवटी असा एक टोला लावतात. तिने आपला गजरा काढून आजीपुढे धरला. आईने तो घेतला, मुलीला पाठ करायला लावली आणि पुन्हा तिच्याच केसांत नीट खोवला. तिचे हात अगदी स्थिर होते. मी फुलवालीला पैसे दिले, आणि आम्ही मसाले घ्यायला पुढे गेलो, कारण मसाले घ्यायचं ठरलेलं होतं.

आईने त्यानंतर एकाही वस्तूचा भाव विचारला नाही. मिठाईच्या दुकानात तिला काय हवं विचारलं तर "तुम्ही घ्या, मला चालेल काहीही" म्हणाली. घरी आल्यावर बायकोने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि मला एवढंच विचारलं, "तुला कुणी विचारलं होतं का?" ग्रुपवर एवढं लांबलचक लिहिणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचेना. डोळ्यांपुढे येत होती ती आईची वाकलेली मान, आणि तिच्यावर अंबाड्याखालचे पांढरे बारीक केस. मला स्वतःची किळस आली. अजूनही येते.

सोमवारी सकाळी ती उठून बसली होती, पण आज कुठला रस्ता हे विचारलं नाही. मीच म्हणालो, "संध्याकाळी बुगीसला ये, तिथला बाजार बघू." तर म्हणाली, "गुडघा दुखतोय जरा." मंगळवारी उन्हाचं कारण होतं. बुधवारी ती नातीच्या शाळेच्या गणवेशाला बटणं लावत बसली, जी आधीच लावलेली होती. पास वाढवायचा विषय मी काढला तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं, "नको रे. झालं की बघून सगळं. तिकीट आहे त्या दिवशी जाते." आवाज तोच, फोनवरचा, मजेत असलेला.

मग मी करायला नको ते केलं. गुरुवारी ऑफिसातून निघालो तो तडक सेरंगून रोडला गेलो आणि त्याच बाईकडून गजरा घेतला. हातभर, सगळ्यात टपोऱ्या कळ्यांचा. तिने मला ओळखलं की नाही, माहीत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गर्दीत चेंगरू नये म्हणून एमआरटीत छातीशी धरून तो घरी आणला आणि आईच्या हातात दिला. वाटलं, न बोलता काम होईल. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. चहा पुढे केला जातो, पंखा वाढवला जातो, आणि समोरच्याने समजून घ्यायचं असतं.

आईने पिशवी उघडून वास घेतला. "वा! किती ताजा आहे," असं म्हणाली. उठली, देवघर म्हणून आम्ही जे कपाट वापरतो त्यापुढे गेली आणि तो गजरा देवीच्या तसबिरीला वाहिला. नमस्कार केला. माझ्याकडे वळून ती हसली, अगदी मायेने, आणि मला तिच्या हसण्याचीच भीती वाटली.

तिला जायला दोन दिवस उरले तेव्हा मी गयावया करून तिला पुन्हा एकदा ऑर्चर्ड रोडला नेलं. माझ्यासाठी म्हणून ती आली. संध्याकाळचे सहा वाजले होते. त्या वेळी तिथल्या झाडांवर साळुंक्या परततात आणि इतका कल्ला करतात की शेजारच्या माणसाशीही मोठ्याने बोलावं लागतं. आम्ही झाडाखालच्या बाकावर बसलो. समोरून माणसांचा लोंढा चालला होता, पिशव्या, छत्र्या, बाबागाड्या. आठवडाभर मनात घोकलेलं वाक्य मी त्या गोंगाटात एकदाचं बोललो.

"आई, फुलवालीकडे मी फार चुकलो. मला माफ कर."

तिला क्षणभर कळलं नाही, किंवा कळलं नसल्यासारखं तिने दाखवलं. मग ती म्हणाली, "अरे, ते होय! तुझं काही चुकलं नाही. उलट बरं झालं तू बोललास."

"बरं काय झालं त्यात?"

"मी विसरले होते रे," ती म्हणाली. "इथे आल्यापासून. सकाळी उठलं की आज कुठे जायचं, काय बघायचं, एवढंच डोक्यात. हे गेलेत हेच विसरले. एक दिवस नाही, चांगले तीन-चार आठवडे. त्या बाईने फुलं पुढे केली आणि मी आपली खुशाल पाठ करून उभी! तू म्हणालास तेव्हा एकदम लक्षात आलं."

मी म्हणालो, "आई, अगं, तू विसरावंस म्हणूनच तर तुला आणलं होतं."

"असं बोलू नये," ती म्हणाली. रागावून नाही, लहानपणी मी काही भलतंच बोललो की ज्या सुरात म्हणायची त्या सुरात. मग तिने पर्स उघडली आणि टिशूच्या पाकिटांखालून एक छोटं पाकीट काढलं. त्यात बाबांचा पासपोर्टच्या मापाचा फोटो होता, पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला. "रोज सकाळी तुम्ही उठायच्या आत यांची माफी मागते. त्या रविवारपासून."

म्हणजे मी माफीसाठी वाक्य जुळवत होतो त्या अख्ख्या आठवड्यात, भिंतीपलीकडच्या खोलीत ती एका मेलेल्या माणसाची माफी मागत होती, आणि तीही माझ्या गुन्ह्याबद्दल. मग मी बोलत सुटलो. फुलं तुझी होती, बाबांचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता, बाबांना असलं काही पटलंच नसतं, ते असते तर माझ्याच कानाखाली वाजवली असती, चूक माझी आहे, फक्त माझी. साळुंक्यांवर आवाज चढवून बोलत होतो, येणारेजाणारे वळून बघत होते. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही.

आईने माझं सगळं ऐकून घेतलं. मान हलवत होती, माझी पाठ थोपटत होती. मी थांबलो तेव्हा तिने तो फोटो पाकिटात सरळ करून ठेवला, पर्सची चेन लावली आणि मला धीर देत म्हणाली, "तू कशाला मनाला लावून घेतोस? पुन्हा नाही होणार माझ्याकडून."